खाल्ल्या मिठाचं बिल

मे २०२३मध्ये फ्रान्सच्या उद्योगमंत्र्यांनी ट्विटरवर एक कोटी केली. ज्युस्तिन त्रिये या दिग्दर्शिकेच्या चित्रपटाला कान या फ्रेंच शहरातल्या चित्रपट महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, नुकताच मिळाला होता. चित्रपटाचं नाव ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’, म्हणजे एका पडण्याची चिरफाड. मंत्री रोलां लेस्क्यूर यांनी लिहिलं की ही तर कृतघ्नतेची चिरफाड झाली, आणि कृतघ्न कोण, तर ज्यांना आम्ही एवढी मदत करतो तो व्यवसाय. कोटी म्हणून ठीक आहे. आपल्याकडचे मंत्री याहून वाईट करतात. पण त्यातल्या ‘आम्ही’पाशी मी अडकलो तो अजून तिथेच आहे. हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण?

झालं होतं असं. फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय ६२वरून ६४ करणारा कायदा सरकारने त्याच मार्चमध्ये लोकसभेत मतदान न घेता रेटला होता. तिथल्या राज्यघटनेच्या ४९व्या कलमातली एक पळवाट सरकारला तेवढी मुभा देते. लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. पाम दोर घ्यायला मंचावर आलेल्या त्रियेंनी आधी त्या आंदोलनाचं नाव घेतलं आणि ते सरकारने धक्कादायक रीतीने दडपलं असं सांगितलं. मग त्या सिनेमाकडे वळल्या. हे नवउदारमतवादी सरकार संस्कृतीचा बाजार मांडतंय, त्यात फ्रान्सचा ‘सांस्कृतिक अपवाद’ मोडतोय, आणि त्या अपवादाशिवाय मी आज तुमच्यासमोर उभी नसते, असं म्हणाल्या. पंधरा वर्षांपूर्वी मला चुकायला आणि चुकून पुन्हा सुरुवात करायला जागा मिळाली होती, ती आज नव्याने सिनेमा करणाऱ्यांना करून द्यायला हवी, असंही.

‘सांस्कृतिक अपवाद’ हा शब्द फ्रान्समध्ये पोराटोरांनाही माहीत असतो. १९९३मध्ये गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत अमेरिका म्हणत होती की सिनेमा हा इतर मालासारखाच माल आहे, बाजार खुला करा. फ्रान्स अडून बसला. गहू आणि मोटारी यांच्या हिशेबात आम्ही चित्रपट धरणार नाही, त्यांना सरकारी आधार देण्याचा हक्क सोडणार नाही, ही त्याची भूमिका होती आणि ती टिकली.

त्रियेंचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या. त्या गडबडीत मानपत्राची गुंडाळी मंचावरच राहिली. पुरस्कार द्यायला आलेल्या जेन फोंडा हाका मारत मागे धावल्या आणि शेवटी त्यांनी ती गुंडाळी त्रियेंच्या दिशेने सरळ भिरकावली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंचा नेम बघण्यासारखा होता. त्या संध्याकाळी एवढं एकच काय ते हसण्यासारखं घडलं, कारण पुढचं सगळं तोंडं फुगवून चाललं. सांस्कृतिक मंत्री रिमा अब्दुल मलाक यांनी पुरस्काराचा आनंद व्यक्त केला, पण भाषण ऐकून आपण थक्क झालो असं सांगितलं. ते अन्यायकारक होतं, आणि आपली अर्थसाहाय्याची व्यवस्था नसती तर हा चित्रपटच झाला नसता, हे विसरू नका असं त्या म्हणाल्या. कानच्या महापौरांना ते लाडावलेल्या मुलीचं भाषण वाटलं.

आता गंमत बघा. ही व्यवस्था नसती तर मी इथे नसते, असं दिग्दर्शिका म्हणाली. ही व्यवस्था नसती तर ही बाई इथे नसती, असं मंत्री म्हणाल्या. वाक्य एकच आहे. मग कृतघ्नपणा कुठे झाला? त्रियेंनी ऋण मानलं, तेही सगळ्या जगासमोर. फक्त ते सरकारच्या खाती जमा केलं नाही. सगळा राग एवढ्याचाच आहे.

आपल्याकडे म्हणतात खाल्ल्या मिठाला जागावं. म्हण चांगली आहे, पण मीठ कुणाचं हे आधी ठरवावं लागतं. जुन्या लग्नांच्या पंगती ज्यांनी पाहिल्यात त्यांना एक प्रकारचा वाढपी आठवत असेल. जिलबीचं ताट घेऊन तो अशा थाटात फिरायचा की जिलबी जणू त्याच्याच घरच्या तुपात तळली आहे. ओळखीच्या पानावर चार, अनोळखी पानावर एक. यजमान बिचारा दाराशी हात जोडून उभा. अनुदान वाटणाऱ्या मंत्र्यांचं बहुतेकदा असंच होतं. पळी हातात आली की पातेलंही आपलंच वाटायला लागतं.

फ्रान्समधलं हे पातेलं कुठून भरतं ते पाहण्यासारखं आहे. तिथे १९४६पासून सीएनसी नावाचं राष्ट्रीय चित्रपट केंद्र आहे. त्याचा पैसा मुख्यतः सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येत नाही. थिएटरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के या केंद्राकडे जातात. दहा युरोचं तिकीट काढलं तर एक युरो सात सेंट. टीव्ही वाहिन्यांवर आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांवरही असाच कर आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की तिकीट कुठल्या चित्रपटाचं आहे हे पाहिलं जात नाही. २०२३च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पन्नास लाखांहून जास्त लोक ‘बार्बी’ बघायला गेले. गुलाबी कपडे घालून मैत्रिणींबरोबर गेलेल्या प्रत्येक मुलीने नकळत फ्रेंच सिनेमाच्या गल्ल्यात आपला युरो टाकला. अमेरिकेच्या बलाढ्य सिनेमावर चिमूटभर कर बसवून आपला सिनेमा जगवायचा, अशी ही साधी आणि हुशार युक्ती.

म्हणजे मीठ प्रेक्षकांचं आहे. त्रियेंच्या चित्रपटात शिवाय फ्रान्स २ या सार्वजनिक वाहिनीची निर्मितीसंस्था सहभागी होती, ओव्हेर्न-रोन-आल्प या प्रांताची चित्रपटसंस्थाही होती, आणि हा पैसा सरळ सरळ लोकांचा. हे नाकारायचं कारण नाही. पण लोकांचाच असेल तर मग निवृत्तीच्या वयासाठी रस्त्यावर उतरलेलेही त्या लोकांतच येतात. त्यांचं मीठ खाऊन त्यांची बाजू मंचावरून मांडणं याला मिठाला जागणं म्हणायचं की बेइमानी?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. त्रियेंचा आरोप तपशिलात सैल होता. याच सरकारने २०२१मध्ये परदेशी स्ट्रीमिंग कंपन्यांना फ्रान्समधल्या उलाढालीचा किमान पाचवा हिस्सा फ्रेंच आणि युरोपीय निर्मितीत घालायला लावला. युरोपात इतकं कडक कुणी वागलं नव्हतं. जे सरकार संस्कृतीचा बाजार मांडतंय, त्याने हे कशाला केलं असतं? अब्दुल मलाक यांनी हेच ठासून मांडलं असतं तर वाद मुद्द्यावर राहिला असता, आणि मला वाटतं, निदान निम्मा तरी त्यांनी जिंकला असता. ‘तुमचं म्हणणं चूक आहे’ याला उत्तर देता येतं. ‘तुम्ही हे म्हणताच कसं, आमचं खाऊन?’ याला उत्तर नसतं, कारण तो प्रश्नच समोरच्याला गप्प करायला विचारलेला असतो.

फ्रान्समध्ये ही कृतघ्नता नवी नाही. तिच्याविना तिथला सिनेमा झालाच नसता असं म्हणायला हरकत नाही. १९५९मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात एक योजना आली. चित्रपट करायच्या आधीच, संहिता पाहून, पुढच्या उत्पन्नावर उचल द्यायची. चित्रपट चालला तर परत घ्यायची, नाही चालला तर सोडून द्यायची. पडेल चित्रपटालाही पोटाशी धरणारी ही उचल आजही चालू आहे. आणि याच मालरोंच्या खात्याने फेब्रुवारी १९६८मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयातून त्याचे संस्थापक आंरी लांग्लवा यांना काढलं, तेव्हा गोदार आणि त्र्युफो या दिग्दर्शकांसकट सगळी नवी पिढी मंत्र्यांच्या विरोधात रस्त्यावर आली. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. एप्रिलमध्ये सरकारला लांग्लवांना परत बोलवावं लागलं. मे महिन्यात हीच मंडळी कानला गेली आणि तो महोत्सव त्यांनी अर्ध्यावर बंद पाडला. आज कान त्यांच्याच आठवणींवर मिरवतं.

मालरोंच्या खाती एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. १९६६मध्ये झाक रिव्हेत यांच्या एका चित्रपटावर त्यांच्याच सरकारने बंदी घातली होती. गोदारने मालरोंना जाहीर पत्र लिहून वाट्टेल ते सुनावलं. मालरोंनी तो बंदी असलेला चित्रपट कानला जाऊ दिला. देशात दाखवायचा नाही आणि देशाच्या महोत्सवात दाखवायचा, असा उलटा न्याय. मला हा माणूस पुरता कळलेला नाही. पण आपण ज्याला पैसे देतो त्याच्याकडून शिव्या खाणं हा आपल्या नोकरीचा भाग आहे, एवढं त्याला ठाऊक असावं.

इथवर चित्रपटाबद्दल काहीच बोललो नाही. मंत्र्यांनी तो नीट पाहिला असता तर ‘कृतघ्न’ हा शब्द उच्चारण्याआधी त्यांची जीभ थोडी अडखळली असती.

ग्रेनोबलजवळच्या डोंगरात, बर्फात, एक लाकडी घर आहे. सामुएल पोटमाळ्यावर काम करतोय आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात लावतोय. खाली त्याच्या लेखिका बायकोची, सांद्राची, एक मुलाखत चालली आहे. गाण्यामुळे ती मोडते. थोड्या वेळाने दृष्टी अधू असलेला मुलगा दानिएल कुत्र्याला फिरवून परत येतो तर बाप बर्फात मरून पडलेला. पडला, उडी मारली की ढकललं? सांद्रावर खटला चालतो. ती मूळ जर्मन, नवरा फ्रेंच, घरात दोघं इंग्रजी बोलतात आणि न्यायालयात तिने फ्रेंच बोलावं अशी अपेक्षा. अडखळत बोलता बोलता ती मध्येच इंग्रजीवर जाते. स्वतःच्या आयुष्याचा बचाव परक्या भाषेत करणाऱ्या बाईचा चेहरा सांद्रा ह्यूलरने असा धरून ठेवलाय की तिच्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे अडीच तासांनीही ठरत नाही.

खटल्यात एक ध्वनिमुद्रण वाजवलं जातं. मरण्याच्या आदल्या दिवशीचं नवरा-बायकोचं भांडण सामुएलने गुपचूप टिपून ठेवलेलं. हा प्रसंग मी तीनदा पाहिला. स्वयंपाकघरात दोघं बसलेत, भांडण अगदी सौम्य आवाजात सुरू होतं. नवऱ्याचं म्हणणं असं की मुलाला घरी मीच शिकवतो, घराची डागडुजी मी करतो, माझं लिहिणं राहून गेलं, माझ्या अर्धवट कादंबरीतली कल्पना घेऊन तू पुस्तक केलंस. मला माझा वेळ परत हवाय. बायकोचं उत्तर: कल्पना तू सोडून दिली होतीस आणि मी तुला विचारून घेतली. या गावात राहायचं तू ठरवलंस. तुझ्या न लिहिण्याचं देणं मी लागत नाही. संसारात तू इतकं केलंस म्हणून मी इतकं करायचं, असली बरोबरीची वजाबाकी तिला मुळात मान्यच नाही. आवाज चढतात, काच फुटते, आणि पुढचं न्यायालयात फक्त ऐकू येतं. दिसत काही नाही.

अख्खा चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे: कोण कुणाचं देणं लागतं आणि हे मोजायचं कुणी. मंत्रिमंडळाने सामुएलचं वाक्य जसंच्या तसं उचललं. आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं. फरक इतकाच की सामुएलने निदान स्वतःचा वेळ दिला होता.

मग ऑस्कर आलं. सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटासाठी प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो. फ्रान्सच्या निवड समितीने पाम दोर बाजूला ठेवलं आणि त्रान आन हुंग यांचा, एकोणिसाव्या शतकातल्या एका खवय्याचा आणि त्याच्या स्वयंपाकिणीचा चित्रपट पाठवला. त्याला कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार होता, चित्रपट देखणा आहे, भूक लागेल असा आहे. त्रियेंच्या चित्रपटात इंग्रजी खूप, हे कारणही दिलं गेलं. भाषणाची शिक्षा दिली असा संशय लोकांनी घेतला. त्याला पुरावा नाही, आणि समितीतली माणसं सिनेमातलीच होती, त्यामुळे मी तो ठामपणे मांडणार नाही. पण सरकारने आधी जाहीर तणतण केली नसती तर हा संशय कुणाच्या मनातही आला नसता. कृतज्ञता मागण्याचा हा एक तोटा असतो. नंतर प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयालाही वास येतो.

निकाल काय लागला? फ्रान्सचा अधिकृत चित्रपट पहिल्या पंधरांत आला, अंतिम पाचांत नाही. त्रियेंच्या चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपट आणि दिग्दर्शन धरून पाच नामांकनं मिळाली आणि मार्च २०२४मध्ये मूळ पटकथेचं ऑस्करही. आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर ब्रिटनला गेलं, ते बहुतांशी जर्मन भाषेतल्या चित्रपटासाठी. त्यातली नायिका? सांद्रा ह्यूलरच. इंग्रज लोक जर्मन चित्रपट आपला म्हणून पाठवतात आणि फ्रेंच लोक आपलं पाम दोर घरी ठेवतात, हे पाहून हसावं की काय करावं कळत नाही.

‘मग सरकारी पैसा घेऊ नये ना, म्हणजे वाट्टेल ते बोलायला मोकळे.’ हे वाक्य आपल्याकडेही कुठल्याही वादात तिसऱ्या मिनिटाला येतं. एसटीत अर्ध्या तिकिटावर बसलेली बाई खड्ड्यात गाडी आदळली की सरकारच्या नावाने बोटं मोडते. तिला कुणी म्हणत नाही की बाई, सवलत घेतलीस, आता कंबर मोडली तरी गप्प बैस. सवलत ही तिची तिलाच परत मिळालेली आहे. हिशेब जरूर मागावा. चित्रपटाला दिलेला पैसा चित्रपटावरच गेला का, पावत्या आहेत का, कामगारांचे पगार झाले का, हे विचारायला हवं आणि कडक विचारायला हवं. बिलात जीभ धरायची नाही, एवढंच.

पुण्यात राहून हे लिहिताना लॉ कॉलेज रस्त्यावरची एक संस्था डोळ्यांसमोरून हलत नाही. २०१५मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस संप केला. तेव्हा शहरात ऐकू येणारं वाक्य होतं, आमच्या कराच्या पैशावर शिकतात आणि माज करतात. त्या संपकऱ्यांत पायल कपाडिया होत्या. मे २०२४मध्ये त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कानमध्ये ग्रां प्री, म्हणजे पाम दोरच्या खालोखालचा पुरस्कार, मिळाला, तेव्हा पंतप्रधानांपासून संस्थेपर्यंत सगळ्यांना अभिमान वाटला. संपातल्या घटनांवरून विद्यार्थ्यांवर भरलेला खटला तेव्हाही पुण्याच्या न्यायालयात चालूच होता आणि आरोपींत त्यांचं नाव होतं. एका हाताने हार आणि दुसऱ्या हाताने समन्स. फ्रेंच मंत्र्यांनी निदान नुसतं ट्वीट केलं.

आपण अगदीच वाईट आहोत असंही नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये एका लोकशाहिरावर खटला भरतात. का, तर म्हणे त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. इथेही एक मृत्यू, इथेही आत्महत्या की आणखी काही हा प्रश्न, इथेही न्यायालयातल्या भाषांचा घोळ. फक्त ‘कोर्ट’मधला आरोपी गरीब आहे, त्यामुळे तारखा पडत राहतात. सरकारी वकील, पोलीस, न्यायाधीश यांचं इतकं कोरडं आणि इतकं विनोदी चित्र मराठीत पूर्वी आलं नव्हतं. त्याला याच देशाच्या सरकारने सुवर्णकमळ दिलं आणि भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. कुणी कृतज्ञता मागितली नाही. म्हणजे हे जमतं आपल्याला.

पायल कपाडियांच्या चित्रपटाचं मात्र वेगळं झालं. मुंबईतल्या नर्सेसची गोष्ट. मल्याळम, हिंदी आणि मराठीत. तो भारताने ऑस्करला पाठवला नाही. फ्रान्सने आपल्या शेवटच्या चार चित्रपटांत तो धरला होता, कारण फ्रेंच निर्माते आणि फ्रेंच निधी त्यात होते. अखेर त्यांनीही दुसराच निवडला. पायल यांच्या चित्रपटात छाया कदमने केलेली पार्वती आहे. गिरणी कामगाराची विधवा, इस्पितळात स्वयंपाक करणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर जिला खोलीतून बाहेर काढतो. ती शेवटी रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. समुद्रकाठी एक खोपट, रात्री रंगीत दिव्यांच्या माळा, कुठलंतरी गाणं.

ते दिवे लागायला जो पैसा लागला त्यात फ्रान्समधल्या कुण्या प्रेक्षकाच्या तिकिटातले काही सेंट असणार. त्याने तेव्हा बहुधा एखादा मारधाडीचा अमेरिकन चित्रपट पाहिला असेल, मक्याच्या लाह्या खाल्ल्या असतील आणि घरी जाऊन झोपला असेल. पार्वतीच्या पत्त्यावर त्याने बिल पाठवल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.